बटू दीर्घिकांच्या पोटातील दोन पिढ्या

दुसरे महायुद्ध चालू असताना हवाई हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिस शहरात रात्री दिवे मालवले जात. शहरावरचे हे संकट जवळच्या माउंट विल्सन वेधशाळेच्या मात्र पथ्यावर पडले. वॉल्टर बाडे हा शास्त्रज्ञ जन्माने जर्मन; त्यामुळे त्याला युद्धकार्यात घेतले नव्हते. तेथील शंभर इंची दुर्बीण त्याला काळ्याभोर आकाशाखाली मनसोक्त वापरता आली. देवयानी दीर्घिकेचा गाभा आणि तिच्या दोन लहान सोबतिणी यांतील तारे त्याने सुटे सुटे टिपले, आणि ताऱ्यांच्या दोन भिन्न समष्टी असतात, हा विचार १९४४ साली मांडला. हा भेद मुख्यतः वयाचा आणि घटकद्रव्यांचा आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या सगळ्या मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ सरसकट 'धातू' म्हणतात. मग तो ऑक्सिजन का असेना! धातू ताऱ्यांच्या भट्टीत तयार होतात आणि ताऱ्यांच्या मृत्यूबरोबर वायूत मिसळतात. म्हणून आधी जन्मलेले तारे धातूंच्या बाबतीत दरिद्री, तर मागाहून जन्मलेले संपन्न. वर्णपट पाहून ताऱ्याची पिढी ओळखता येते ती यामुळेच.

आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. बटू दीर्घिकांचा संसार त्यामानाने फारच लहान, कित्येकदा काही लाख ताऱ्यांचा. शॅप्लीने १९३८ साली शोधलेली 'स्कल्प्टर' ही अशीच एक. २००४ साली चिलीमधील मोठ्या दुर्बिणीने तिच्या ताऱ्यांचे वर्णपट घेतले, तेव्हा दोन गट वेगळे दिसले. धातुसंपन्न तारे मध्याशी दाटलेले, तर धातुदरिद्री तारे दूरवर पांगलेले आणि त्यांच्या गतींत अधिक विविधता. मोठ्या सर्पिल दीर्घिका साधारणतः आतून बाहेर वाढतात. त्यांच्या कडेला तरुण तारे आढळतात. येथे सारा मामला उलटा!

असे का व्हावे? वायू हळूहळू संपत जातो, उरलेला मध्याकडे आकसतो आणि नवे तारे तेथेच जन्मतात, हे एक उत्तर. दुसरे उत्तर विलीनीकरणाचे, आणि मला ते अधिक विचारप्रवर्तक वाटते. बेनितेझ-याम्बाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे ते मांडले. दोन बटू दीर्घिका एकमेकींत शिरतात तेव्हा त्यांतील तारे एकमेकांवर आपटत नाहीत. त्यांच्यामधील अंतरेच तेवढी प्रचंड असतात. दोन दिंड्या एकमेकींतून पार व्हाव्यात तसे ते निघून जातात. पण गुरुत्वाकर्षणाच्या हिसक्याने त्यांच्या कक्षा विस्तारतात आणि जुनी पिढी बाहेर फेकली जाते. वायूचे तसे नाही. तो एकमेकांवर आदळतो, ऊर्जा प्रारणरूपाने गमावतो, थंड होतो आणि तळाशी, म्हणजे केंद्राशी बसतो. पहिल्या पिढीने त्यात धातूंची भर आधीच घातलेली असते. त्यातून जन्मणारी दुसरी पिढी साहजिकच धातुसंपन्न आणि केंद्रनिष्ठ.

याची प्रत्यक्ष साक्ष? 'अँड्रोमेडा दोन' ही देवयानीची एक बटू उपदीर्घिका. ती आपल्या लांब अक्षाभोवती फिरते, हे २०१२ साली लक्षात आले. एरवी असे सहसा होत नाही. २०१४ साली तिच्या ताऱ्यांच्या गती तपासताना एक तारकाप्रवाह सापडला. साध्या छायाचित्रात तो ओळखू येत नाही. गतींच्या हिशेबातच उमटतो. पूर्वी गिळलेल्या दुसऱ्या बटू दीर्घिकेचे ते अवशेष असावेत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

हा वाद केवळ वंशावळीचा नाही. २०११ साली वॉकर आणि पेन्यारुबिया यांनी स्कल्प्टर आणि फोर्नॅक्स या दीर्घिकांतील याच दोन गटांचा मोजपट्टीसारखा उपयोग करून कृष्णद्रव्याची वाटणी मोजली. मध्याशी त्याची घनता टोकदारपणे चढत जावी, असे प्रचलित सिद्धान्ताच्या साध्या प्रतिरूपांत दिसते. त्यांना ती बरीचशी सपाट आढळली. पण त्या मोजणीत दोन्ही गट गोलाकार आणि स्थिरावलेले आहेत, असे गृहीत धरले होते. विलीनीकरणाने पांगवलेले तारे गोलाकारच पसरतील, याची हमी कोण देणार? म्हणून ताऱ्यांचे हे दोन घोळके खरोखर कोणत्या आकाराचे आहेत, ते आधी तपासावे लागते.