उन्हाळी बालशिबिर : निसर्ग-निरीक्षण व हस्तव्यवसाय
(इयत्ता पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी)

वार्षिक परीक्षा आटोपली की शाळेचे दार बंद होते; मुलाचे शिकणे मात्र थांबत नाही. मे महिन्यात घरातील कर्ती माणसे मजुरीस किंवा शेताच्या मशागतीस जातात आणि सहा-आठ वर्षांची मुले गावात मोकळी हिंडतात. त्यांची पावले आमराईकडे वळतात, तशीच बिनकठड्याच्या विहिरीकडेही वळतात. कित्येक मुलींच्या वाट्याला हेही स्वातंत्र्य येत नाही; धाकटे भावंड कडेवर घेऊन त्या दिवसभर घर राखतात. अशा मुलांसाठी सकाळचे दोन-तीन तास शाळेच्या आवारात शिबिर भरविणे हे गावाच्या दृष्टीने मोठेच कार्य होय.

ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. झाडाखालच्या अंगणात बालवाडी भरविणे, विकतच्या खेळण्यांऐवजी बिया, शिंपले, माती व पाने ही शिक्षणाची साधने मानणे, हे तेथे प्रत्यक्षात आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी विकासवाडीही तेथेच उभी राहिली. भावंड सांभाळणाऱ्या मुलीला शिकवावयाचे, तर भावंडासही जागा दिली पाहिजे, हे त्यामागील मर्म होते.

वेळ व व्यवस्था

शिबिर सकाळी 7 ते 9.30 या वेळात, दाट सावलीच्या झाडाखाली भरवावे. मुले वीस-पंचवीसच असावीत व त्यांजवर लक्ष ठेवण्यास किमान दोन मोठी माणसे असावीत. भावंड घेऊन येणाऱ्या मुलीस परत पाठवू नये. सावलीत गोधडी अंथरून तेथे गावातील एखाद्या आजीबाईंना बसवावे. पाण्याचा माठ सर्वांना एकच असावा.

पहिला पाठ : पान

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मुलांनी ऐकलेली असते. शिक्षकाने ती सांगून न थांबता मुलांस पळसाच्या झाडाजवळ न्यावे व विचारावे, “ही तीन पाने आहेत की एक?” उत्तर आपण देऊ नये. जेथे पानाचा देठ फांदीस मिळतो, तेथे बगलेत बारीक डोळा असतो. तो शोधावयास सांगावे. मुख्य देठाच्या बगलेत डोळा सापडतो, तीन दलांपैकी एकाच्याही बगलेत सापडत नाही. म्हणजे तिन्ही मिळून पान एकच, हे मूल स्वतःच ठरविते. हीच कसोटी आंबा, बेल व कडुनिंब यांना लावून पाहावी. आंब्याचे पान साधे, बाकीच्या दोहोंची संयुक्त, असे दोन ढीग मुले आपणच करतात.

त्यानंतर पळसाच्या पानांचे द्रोण टाचावेत. टाचणीस बारीक काड्या घ्याव्यात. पान कोठे दुमडले म्हणजे फाटत नाही, हे शिरा पाहिल्याने कळते. निरीक्षण व हस्तव्यवसाय येथे एकत्र येतात. त्या दिवशीचे गूळ-शेंगदाणे त्याच द्रोणांत वाटावेत.

दुसरा पाठ : माती

आटलेल्या तळ्याचा गाळ आणवून खडे वेचून काढावेत व तो रात्रभर भिजवावा. प्रत्येक मुलाने बोटाएवढी वळी वळून ती वाकवून पाहावी. वळी तुटली तर मातीत वाळू अधिक आहे, असे समजावे. मग बैल, चूल, भांडी, जे मुलास सुचेल ते करू द्यावे. निम्मी कामे उन्हात व निम्मी सावलीत वाळवावीत. दुसऱ्या दिवशी उन्हातील वस्तूंना भेगा अधिक दिसतात. वरचा थर लवकर वाळून आक्रसतो, आतील ओलाच राहतो, हे कारण मुलांच्या तोंडून काढावे. ज्याचा बैल तडकला असेल त्याचे हसू होऊ देऊ नये. त्याच्याच बैलामुळे पाठ समजला, हे सर्वांसमक्ष सांगावे.

तिसरा पाठ : बी

चिंचोके, सीताफळाच्या बिया व जांभळाच्या बिया मुलांनी जमवाव्यात. प्रथम त्यांची मोजणी, जुळणी व नक्षी करावी. नंतर पेरणीचा विचार करावा. चिंचोका टणक कवचाचा असल्याने बराच काळ टिकतो. जांभळाचे बी मात्र वाळले की उगवण्याची शक्ती गमावते, म्हणून ते ताजेच पेरावे. लिंबोळीही फार दिवस ठेवू नये. काही बिया राखून ठेवाव्यात, काही लगेच लावाव्यात, हा विवेक मुलांस याच वयात कळू शकतो.

दक्षता

मोगली एरंडाच्या बिया चवीस बऱ्या लागतात, परंतु त्या खाल्ल्याने उलट्या व जुलाब होतात. धोतरा, कण्हेर व गुंज हीही विषारी होत. रुईचा चीक डोळ्यांस अपाय करतो. ही झाडे पहिल्याच दिवशी मुलांस दाखवावीत. दगडाखाली हात घालू देऊ नये. एखादे मूल उन्हाने मलूल झाल्यास त्यास सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसावे व थोडे थोडे पाणी पाजावे. अंग तापून ते असंबद्ध बोलू लागल्यास पाणी न पाजता अंग थंड करीत विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

समारोप

अखेरच्या दिवशी पालकांस बोलवावे. भाषणे नसावीत. प्रत्येक मुलाने आपले काम आपल्या शब्दांत दाखवावे. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा लावलेल्या बियांपैकी काहींना कोंब आलेले असतील. भावंड कडेवर घेऊन आलेली मुलगी आपला कोंब पाहण्यासाठी शाळेच्या पहिल्या दिवशी हजर राहिली, तर शिबिराचे सार्थक झाले असे समजावे.