परदेशातलं एअरसॉफ्टचं दुकान बघताना दुकानदाराने काय बघावं?

व्हिडिओत सगळं बसलं नाही, म्हणून हा धडा इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी एअरसॉफ्ट म्हणजे काय, ते थोडक्यात. खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी खेळाची बंदूक. तिच्यातून ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या सुटतात, त्यांना बीबी म्हणतात. डोळ्यांना गॉगल लावून दोन टीम मैदानात खेळतात. हा खेळ जपानमध्ये रुजला. टोकियो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी पहिली रायफल आणली आणि त्यानंतर खेळ खूप पसरला.

तुम्ही म्हणाल, "सर, आमचं स्टेशनरीचं दुकान, आम्हाला याचं काय?" थांबा. वस्तू महाग, एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकणारी, गिऱ्हाईक मोजकं आणि वर कायदा कडक. असं दुकान भरपूर भाडं असलेल्या शहरात टिकतं कसं? हे समजलं, तर आपल्या धंद्यातलं बरंच काही समजतं.

आधी माझी चूक

माझं साताऱ्यात खेळाच्या साहित्याचं दुकान आहे. कॉलेजचा एक मुलगा रॅकेट घेऊन आला, गट तुटलं होतं. मी म्हणालो, "आपल्याकडे गटिंग होत नाही." रॅकेट त्याने माझ्याकडूनच घेतली होती! तो गेला तो गेलाच. नंतर कळलं, त्याचा अख्खा बॅडमिंटनचा ग्रुप शटल, ग्रिप, बूट सगळं दुसरीकडून घ्यायला लागला, जिथे गटिंग होतं तिथून. मी मात्र वर्षभर ऑनलाइनवाल्यांना शिव्या घालत बसलो.

अकिहाबारात काय दिसलं

टोकियोचा अकिहाबारा भाग इलेक्ट्रॉनिक्स आणि छंदाच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथे एअरसॉफ्टची बरीच दुकानं अरुंद इमारतींत, वरच्या मजल्यांवर असतात. फिरायला गेलो होतो, सहज एकात शिरलो. भिंतीभर बंदुका. पण काउंटरच्या आसपास बघितलं, तर बीबीची पाकिटं वजनाप्रमाणे लावलेली: ०.२०, ०.२५, ०.२८ ग्रॅम. शेजारी गॅसचे कॅन, मॅगझिन, बॅटऱ्या, चार्जर, गॉगल, स्प्रिंग, गिअर.

मी अर्धा तास उभा होतो. तेवढ्यात एकही बंदूक विकली गेली नाही. गल्ला मात्र चालू होता! कोणी बीबी नेत होतं, कोणी सुटा पार्ट, एक जण बिघडलेली बंदूक घेऊन आला होता. बंदूक एकदाच विकली जाते, बाकीच्या गोष्टींसाठी माणूस परत परत येतो. आणि येतो तेव्हा पुढची बंदूकही बघून जातो. मला लगेच तो रॅकेटवाला मुलगा आठवला.

लक्षात ठेवायचे तीन मुद्दे

१. वापरून बघू द्या. काही दुकानांत आतच छोटी शूटिंग रेंज असते. वस्तू हातात बसली की किमतीवरची घासाघीस कमी होते. आपल्याकडे पेन लिहून बघायला कागद तरी ठेवतो का आपण?

२. नियम लपवू नका, मोजून दाखवा. जपानमध्ये या बंदुकीची ताकद ०.९८ ज्यूलच्या आत असावी लागते. म्हणजे ०.२० ग्रॅमची बीबी सेकंदाला साधारण ९९ मीटरपर्यंत. वेग मोजायचं यंत्र असतं, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. कायद्याची भीती गिऱ्हाइकालाही असतेच, आकडा समोर दिसला की ती जाते. सोनाराचा काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असतो, तेच हे. आणि १८ वर्षांखालच्याला मोठ्यांची बंदूक मिळत नाही. तिथे विक्री सोडावी लागते.

३. शेजारच्या दुकानाला घाबरू नका. हाँगकाँगला मोंगकोक भागात क्वाँग वा स्ट्रीट आहे. तिथे एअरसॉफ्टची दुकानं एकाला लागून एक आहेत. पुण्यात पुस्तकं म्हटलं की अप्पा बळवंत चौक, तसंच. सगळे एका जागी असले की गिऱ्हाईक लांबून येतं. मग प्रत्येकाने आपली एक खासियत धरायची. तिथली मर्यादा २ ज्यूल आहे. देश बदलला की कायदा बदलतो, हेही लक्षात घ्या.

जाणार असाल तर

आत गेल्यावर आधी विचारा, मगच हात लावा. जपानीत "सावात्ते मो ई देस का?" म्हणजे "हात लावला तर चालेल का?" फोटोलाही परवानगी घ्या. बंदूक कोणावर रोखायची नाही, ट्रिगरवर बोट ठेवायचं नाही. आणि घरी आणायचा मोह टाळा. खेळण्यातली बंदूकसुद्धा विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही, गॅसचा कॅन तर सामानातही नाही. कस्टमकडून लेखी खात्री केल्याशिवाय काही विकत घेऊ नका. बघायला पैसे पडत नाहीत, तेवढंच भरपूर आहे.

पुढे काय झालं

परत आल्यावर मी बॅगांचा एक रॅक काढला आणि तिथे गटिंग मशीन बसवलं. सोपं नव्हतं. पहिल्याच महिन्यात दोन रॅकेटच्या फ्रेम माझ्या हातून गेल्या, भरून द्याव्या लागल्या. बायको म्हणाली, "जपानची ट्रिप महागात पडली." आता हात बसलाय. गटिंगला आलेला माणूस थांबतो, बोलतो, जाताना ग्रिप किंवा शटलचा डबा नेतो. तो कॉलेजचा मुलगा काही परत आला नाही. ते नुकसान झालंच.

गृहपाठ

तुमच्या सगळ्यात महाग पाच वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे लिहा: ही घेतलेला माणूस पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडे कशासाठी येईल? जिथे जागा रिकामी राहील, तिथून तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात जातंय. एकच रिकामी जागा निवडा आणि याच महिन्यात भरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ल्यावर लक्ष ठेवा!