होडीत बसण्याच्या आदल्या दिवशी

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४ ते ३९



चौथ्या अध्यायातला ३६वा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतो. भगवंत अर्जुनाला सांगतात, सगळ्या पाप्यांमध्ये तू सगळ्यात मोठा पापी असलास तरी ज्ञानाच्या होडीनं हे सगळं पाप तरून जाशील. श्लोक वाचला की होडी डोळ्यांपुढे येते आणि लगेच पलीकडचा किनारा दिसायला लागतो. आज मला अलीकडच्या किनाऱ्याबद्दल लिहायचं आहे. होडीत बसायच्या आदल्या दिवशी माणसानं काय करायचं? याचं उत्तर गीतेतच आहे, आणि ते दोन श्लोक आधी आहे.

जहाज थांबत नाही

ऑफिसमधला एक सहकारी मध्यंतरी आई-वडिलांना घेऊन सिंगापूरहून क्रूझवर गेला. जहाज रविवारी सुटणार होतं, हे लोक शनिवारी सकाळीच तिथं पोचले. मी विचारलं, एक दिवस आधी कशाला? तो म्हणाला, "विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही." मग त्या शनिवारी काय केलं? काही विशेष नाही. सेरंगून रोडवरच्या वीरमाकाळीअम्मन मंदिरात गेले, लिटिल इंडियात जेवले, संध्याकाळी पाण्याच्या कडेला बसले. यादी केली नव्हती, तिकिटं काढली नव्हती. रविवारी जहाजावर चढताना म्हणे वडिलांची झोप पूर्ण झालेली होती आणि आईचा धीर चेपला होता.

मला हे फार पटलं. कारण ग्रंथाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. एकादशी आली, एखादं रील बघितलं, उत्साह आला की त्याच रात्री ज्ञानेश्वरी उघडायची. सुमारे ९,००० ओव्या. चौथ्या दिवशी ऑफिसचं रिलीज येतं, पाचव्या दिवशी पोथी कपाटात. दुसऱ्या अध्यायातल्या ६७व्या श्लोकात भगवंतांनी हीच अवस्था सांगितली आहे. इंद्रियांच्या मागे धावणारं मन बुद्धीला ओढून नेतं, जसा वारा पाण्यावरच्या नावेला नेतो. बुद्धी नीट बसायच्या आधीच नाव सोडली की ती वाऱ्याचीच होणार.

दोन समुद्रांचं गाव

आमच्या घरी हा प्रश्न नुसता चर्चेचा नव्हता. आई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून बाबांनी ज्ञानेश्वरीला हात लावलेला नाही. त्याआधी चाळीसेक वर्षं रोज पहाटे वाचन असायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मन लागत नाही रे. अशा मनानं पोथीला शिवणं बरं नव्हं." पुढे काही बोलले नाहीत. मी सुचवलं की रोज रात्री नऊला फोनवर दोघांनी मिळून थोडं थोडं वाचू, मी पुण्यातून, तुम्ही गावाकडून. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. रविवारचा मुहूर्त मीच ठरवला आणि शनिवारचा दिवस अंबाजोगाईसाठी मोकळा ठेवला.

अंबाजोगाईच का? या गावाला समुद्र नाही, बालाघाटच्या डोंगरातलं बीड जिल्ह्यातलं गाव ते. पण दोन ग्रंथसमुद्र या गावाशी जोडलेले आहेत. एक मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु'. परंपरेनं त्याचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मानला जातो. अभ्यासकांमध्ये त्याबद्दल मतभेद आहेत, तरी मराठीचे आद्यकवी म्हणून मुकुंदराजांचं नाव घेतलं जातं आणि त्यांची समाधी इथं आहे. दुसरा दासोपंतांचा 'गीतार्णव'. सिंधु म्हणजे समुद्र, अर्णव म्हणजेही समुद्र. गीतेचे श्लोक ७००. ज्ञानेश्वरीत एका श्लोकाच्या वाट्याला सरासरी १३ ओव्या येतात. गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख सांगतात, म्हणजे एका श्लोकामागे पावणेदोनशेच्या वर! समुद्र म्हणतात तो उगीच नाही.

आणखी एक कारण होतं. आमचं गाव जिल्ह्यातच, तरी बाबांसाठी अंबाजोगाई हे परकंच शहर. आईच्या शेवटच्या आजारात आठ दिवस ते इथं होते. बस स्टँड, दवाखाना, औषधाचं दुकान, समोरचा चहावाला, एवढंच त्यांनी पाहिलेलं. त्यानंतर या गावाचं नाव निघालं की ते विषय बदलायचे. या वेळी गाडीत बसले, एवढंच मला पुष्कळ वाटलं.

किनाऱ्यावरची तीन कामं

आता श्लोक ३४ बघू. ते ज्ञान तत्त्वदर्शी ज्ञानी लोकांकडून मिळव, असं भगवंत सांगतात, आणि मिळवायची रीत तीन शब्दांत सांगतात. प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. होडीचा श्लोक याच्यानंतर येतो. आधी किनाऱ्यावरची तीन कामं, मग होडी.

प्रणिपात म्हणजे लवणं. सकाळी योगेश्वरीला गेलो. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी. शेकडो किलोमीटरवरून लोक ओटी भरायला येतात. देवीची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथंच राहिली, कुमारिका म्हणून. परळी इथून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर! आपल्या भाषेत सांगायचं तर देवीचं जहाज चुकलं. पण जिथं ती थांबली तिथंच शक्तीचं ठाणं झालं, आणि ज्यांना कुठं जायचं ते ठाऊक नसतं ते आज तिच्याकडे येतात. मुक्कामाची जागा वाया जात नाही, हे मला त्या कथेतून कळतं. बाबा गाभाऱ्यासमोर वाकले ते बराच वेळ वर उठले नाहीत. मी मागे उभा राहिलो. प्रणिपाताला घाई चालत नाही.

तिथून दासोपंतांच्या दर्शनाला. दासोपंत (१५५१ ते १६१५) मूळचे नारायणपेठचे, या गावाला परकेच. लहानपणी त्यांना बीदरच्या बादशहाकडे ओलीस ठेवलं होतं, थकलेला सारा भरायला दत्तात्रेय स्वतः दत्ताजी पाडेवार होऊन आले, अशी कथा आहे. पुढे ते अंबाजोगाईत स्थिरावले आणि इथंच लिहीत राहिले. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची म्हणतात. कागद पुरेना म्हणून की काय, पंचीकरणाचा विषय त्यांनी कापडावर उतरवला. तीच प्रसिद्ध पासोडी, सुमारे ४० फूट लांब. पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचं जाड कापड. मी बाबांना म्हटलं, बघा, पांघरायच्या कपड्यावर वेदान्त. ते म्हणाले, "थंडी वाजत असंल तर तेच कामाला येतं." दीड वर्षानं त्यांनी काहीतरी गमतीनं म्हटलं होतं.

सेवा यादीत तिसरी, पण आमच्याकडे ती आधी आली. दुपारी हत्तीखान्याला गेलो. खडकात कोरलेली शिवलेणी, अंगणात दगडी हत्ती. लोक म्हणतात, हेच ते देवीचं थिजलेलं वऱ्हाड. तिथून परत येताना रत्नागिरीकडचं एक वयस्क जोडपं भेटलं. देवीची ओटी भरून झाली होती, लेणी बघायची होती आणि रस्ता सापडत नव्हता. मी मोबाईल काढेपर्यंत बाबा म्हणाले, "चला, दावतो." आणि आत्ता बघून आलेली लेणी पुन्हा बघायला त्यांच्याबरोबर निघाले. काकूंचे गुडघे दुखत होते, त्यांच्या पिशव्या बाबांनी घेतल्या. ज्या गावात त्यांना फक्त दवाखान्याचा रस्ता माहीत होता, तिथं ते दुसऱ्याला रस्ता दाखवत होते. सेवेला आपण मोठा शब्द समजतो. परक्या गावात एका माणसाच्या पिशव्या धरल्या तरी ती होते.

परिप्रश्न

संध्याकाळी मुकुंदराजांच्या समाधीला गेलो. गावाबाहेर, डोंगराच्या दरीत. खाली उतरत जाल तसा गावाचा आवाज मागे राहतो. 'विवेकसिंधु' हा गुरु-शिष्याचा संवाद आहे. शिष्य विचारतो, गुरु उलगडून सांगतात, त्यातून वेदान्त समजत जातो. म्हणजे मराठीतल्या या जुन्या ग्रंथात प्रश्नाला मानाची जागा आहे. गीतेतसुद्धा तसंच. परिप्रश्न म्हणजे नम्रतेनं, पण पूर्ण विचारलेला प्रश्न. पुढे ४०व्या श्लोकात संशयी माणसाचा नाश होतो असं येतं, ते वाचून काही जण प्रश्नच विचारत नाहीत. पण संशय आणि प्रश्न वेगळे. संशयवाला दाराबाहेर उभा राहून आत काही नाही म्हणतो. प्रश्नवाला दार वाजवतो.

समाधीपाशी बसल्यावर बाबांनी विचारलं. मला की मुकुंदराजांना, ते मला कळलं नाही. "मन लागत नसताना वाचलेलं पोचतं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. अशा वेळी आपल्याला काहीतरी हुशार बोलावंसं वाटतं, ते टाळलं. थोड्या वेळानं ३६व्या श्लोकाचा अर्थ सांगितला. त्यात 'अपि चेत्' असे दोन शब्द आहेत. 'असलास तरीसुद्धा.' सगळ्यात वाईट अवस्थेतल्या माणसालासुद्धा होडीत जागा आहे असं भगवंत म्हणतात. मन लागलेलंच पाहिजे ही अट होडीत बसायच्या आधी घातलेली नाही. आणि होडीसाठी शब्द आहे 'प्लव'. तरंगणारा तराफा. त्याला डेक नाही, खोल्या नाहीत. बुडणाऱ्यानं धरायची वस्तू ती. चांगलं पोहता येणाऱ्याला तिची काय गरज?

बाबा ऐकून गप्प बसले. मग पुढचा ३८वा श्लोक त्यांनीच काढला. ज्ञानासारखं पवित्र काही नाही आणि योगानं सिद्ध झालेल्याला ते काळानं स्वतःच्या आतच सापडतं. "काळानं म्हटलंय," ते म्हणाले. "लगेच नाही म्हटलं." ३९व्या श्लोकात श्रद्धा, तत्परता आणि इंद्रियांचा संयम हे तीन गुण आले आहेत. ते प्रवास चालू असताना वाढायचे. किनाऱ्यावर त्यांची नुसती तयारी असली तरी पुरे.

घरी येईपर्यंत रात्र झाली. दिवसभरात आम्ही ग्रंथाचं एक पानही वाचलं नव्हतं. तरी मला वाटतं, वाचन त्याच दिवशी सुरू झालं.

रविवारी रात्री नऊला फोन लावला. बाबांनी पोथीचं लाल कापड सोडलेलं होतं. पाच ओव्या वाचल्या आणि थांबले. मीही थांबलो. मग म्हणाले, "उद्या सहावीपासून."

आजचा अभ्यास

१. तुम्ही एखादं पारायण किंवा ग्रंथवाचन सुरू करणार असाल, तर आदला एक दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी वाचायचं नाही. जवळच्या, पण कधी न पाहिलेल्या एखाद्या तीर्थाला जा. एकच दिवस, कमीत कमी ठिकाणं, फोटो थोडे.

२. त्या दिवसात तीन गोष्टी घडू द्या. कुठेतरी मनापासून लवा, ओळख नसलेल्या एका माणसाला मदत करा, आणि जो प्रश्न आजवर कुणाला विचारला नाही तो एकदा शब्दांत मांडा. उत्तर त्याच दिवशी मिळायला पाहिजे असं नाही.

३. घरात कुणाची पोथी बंद पडली असेल तर त्यांना 'वाचा' असं सांगू नका. बरोबर बसा. पाच ओव्या झाल्या तरी चालतात.

४. चौथ्या अध्यायातले ३४ ते ३९ हे सहा श्लोक सलग वाचा. होडीचा श्लोक त्यांच्या मध्यावर आहे, तो एकटा काढून वाचू नका.

उद्याचं चिंतन : दुसऱ्या अध्यायातला ७०वा श्लोक. सगळ्या नद्या येऊन मिळतात तरी समुद्र आपली मर्यादा का सोडत नाही?

रामकृष्ण हरी.