नाताळ : सूर्याचा, ख्रिस्ताचा आणि आपला



डिसेंबरच्या अखेरीस अड्यारला अधिवेशन भरण्याची परंपरा जुनी आहे. अधिवेशनाच्या प्रारंभी निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या जातात, त्यांत ख्रिस्ती प्रार्थनाही असते. अड्यारच्या आवारात बुद्धमंदिर, हिंदू मंदिर, मशीद यांच्याबरोबर ख्रिस्ती प्रार्थनामंदिरही आहे. त्यामुळे नाताळ हा आपल्यासाठी परका सण नाही. तरीही त्याच्या उगमाविषयी आपण क्वचितच विचार करतो. सोसायटीच्या दुसऱ्या उद्देशात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास सांगितला आहे, त्याला हा विषय उत्तम आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर मराठीत आला. मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मासंबंधी, जन्मदिवस. आता कोणाचा जन्मदिवस, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

येशूच्या जन्माची कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे, पण तारीख कोणीच दिलेली नाही. रोममध्ये इसवी सन ३५४ मध्ये तयार झालेल्या एका संग्रहात २५ डिसेंबर ही तारीख दोनदा येते. एका यादीत त्या दिवशी ख्रिस्ताचा जन्म नोंदला आहे. दुसऱ्या यादीत त्याच दिवशी ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्यदेवाचा, जन्मदिवस आहे. ज्युलियस सीझरच्या पंचांगात हा दिवस अयनदिन मानला जाई. सर्वांत मोठी रात्र सरून दिवस वाढू लागतो, म्हणून तो सूर्याचा नवा जन्म.

यावरून काही अभ्यासक म्हणतात की चर्चने सूर्याचा सण आपलासा केला. दुसरे अभ्यासक वेगळा हिशेब मांडतात. ख्रिस्ताची गर्भधारणा आणि मृत्यू दोन्ही २५ मार्चला झाले, अशी जुनी समजूत होती. तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. आर्मेनियन चर्च तर आजही जन्मोत्सव ६ जानेवारीला पाळते. एवढे मात्र स्पष्ट आहे की लोकांच्या मनात दोन्ही जन्म बराच काळ शेजारी नांदत होते. पाचव्या शतकात पोप पहिला लिओ याने नाताळच्या प्रवचनात तक्रार केली होती, की भाविक सेंट पीटरच्या चर्चच्या पायऱ्यांवरून मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात.

हे ऐकून आपल्याला नवल वाटू नये. आपली मकरसंक्रांतही उत्तरायणाशी जोडलेली आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि प्रत्यक्ष अयनदिन एकत्र येत. पुढे अयनचलनामुळे त्यांच्यात अंतर पडत गेले. आज सूर्य २१ किंवा २२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो आणि आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. म्हणून तिळगुळाची गोडी कमी होत नाही.

नाताळचा अर्थही बदलत गेला. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेचो येथे खरा गोठा आणि जनावरे उभी करून गरिबांना ख्रिस्तजन्म दाखवला. सतराव्या शतकात इंग्लंडमधील प्युरिटनांनी याला बायबलचा आधार नाही म्हणून सणावर बंदी घातली. एकोणिसाव्या शतकात तो घरचा, मुलांचा, भेटकार्डांचा सण झाला. पुढे बाजाराने त्याला उचलून धरले. आपल्याकडे तो इथल्या मातीत रुजला. गोव्यात नाताळच्या फराळात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या करंज्याच, आणि फराळाचे ताट शेजारच्या हिंदू घरी जाते.

मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’च्या डिसेंबर १८७९ च्या अंकात नाताळ तेव्हाचा आणि आताचा, या विषयावर लेख लिहिला. सोसायटीचे कार्यालय तेव्हा मुंबईला गिरगावात होते. डॉ. ॲनी बेझंट यांनी १९०१ च्या ‘इसोटेरिक ख्रिश्चॅनिटी’ या ग्रंथात ख्रिस्ताचा विचार तीन अंगांनी केला : ऐतिहासिक ख्रिस्त, पुराणकथेतील ख्रिस्त आणि साधकाच्या अंतर्यामी जन्मणारा ख्रिस्त. सूर्यकथेशी असलेले नाते त्यांनी लपवले नाही. त्या नात्याने ख्रिस्त खोटा ठरतो, असेही त्यांनी मानले नाही.

आपली खरी परीक्षा इथेच आहे. तुलनात्मक अभ्यासाचा उपयोग शेजाऱ्याच्या श्रद्धेला टोचण्यासाठीही होऊ शकतो. ‘तुमचा सण मुळात तुमचा नाहीच’ असे म्हणणे सोपे असते. मग हाच न्याय आपल्या सणांना लावायची तयारी हवी. कोणता सण असा आहे, ज्यात त्याच्या आधीच्या लोकांचे काहीच मिसळलेले नाही? ज्ञानाने बंधुभाव उणा झाला, तर सोसायटीच्या पहिल्या उद्देशाला बाध येतो आणि दुसऱ्या उद्देशाचा अभ्यास व्यर्थ जातो. उलट, सत्यापेक्षा श्रेष्ठ धर्म नाही हे आपले ब्रीद असल्याने इतिहास झाकून ठेवणेही आपल्याला शोभत नाही. सत्य सांगावे, पण ऐकणाऱ्याचा हात हातात धरून.

अंधार सर्वांत दाट असताना प्रकाशाचा जन्म होतो, हे रोमच्या सूर्यपूजकाने आकाशात पाहिले, ख्रिस्ती भाविकाने गोठ्यात पाहिले. साधकाने ते स्वतःच्या मनात पाहायचे आहे. उतारशाळेत जागा न मिळता गोठ्यात जन्मलेले बाळ हे नम्रतेचे चिन्ह आहे. अहंकाराने भरलेल्या मनात नव्या जन्माला जागा कुठून मिळणार?

शाखेच्या बैठकीत चिंतनासाठी तीन प्रश्न घ्यावेत. माझ्या आवडत्या सणाचा मूळ अर्थ कोणता आणि आज मी त्यात काय पाहतो? एखाद्या श्रद्धेचा इतिहास कळल्यावर माझा आदर वाढतो की घटतो, आणि का? या वर्षी माझ्या ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे जाऊन मी काय विचारीन?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत देऊ नये. त्यांच्या घरी जाऊन यावे.