रेष कुणाची, ते आधी बघ

पोरी, क्रीडाशिक्षिकेची ऑर्डर हातात पडली, आता शाळेचं बास्केटबॉल आणि बॅडमिंटन दोन्ही तुझ्याच गळ्यात येणार. नियमांचं पुस्तक तू बी.पी.एड.ला घोकलं असशीलच. पण पुस्तक घोकणं वेगळं आणि दोन्हीकडचे पालक कोकलत असताना क्षणात शिट्टी फुंकणं वेगळं. म्हणून पहिलीच गोष्ट सांगतो: चेंडूकडे सगळं गाव बघतं, तू पाय आणि रेष बघ. निम्मी भांडणं तिथलीच असतात. त्यात या दोन खेळांचा रेषेशी व्यवहारच उलटा, त्यामुळे सकाळी एक आणि दुपारी दुसरा सामना घेताना भलेभले गडबडतात.

बॅडमिंटनला शटल रेषेला नुसतं चाटून गेलं तरी ते आत. बास्केटबॉलला रेष म्हणजे बाहेरच. हातात चेंडू असलेल्या पोराच्या बुटाचं टोक बाजूच्या रेषेवर टेकलं, की चेंडू समोरच्या संघाचा. तीन गुणांची कमान बास्केटपासून ६.७५ मीटरवर असते. बूट तिला लागलेला असेल तर गुण दोनच. मधली रेष मागच्या अर्धाची धरतात. म्हणून पुढच्या अर्धात आलेला खेळाडू चेंडू घेऊन खेळता खेळता मागे सरकला आणि टाच मधल्या रेषेला लागली, की शिट्टी. यात एक मेख आहे. खेळाडू हवेत असेल तर त्याचा पाय शेवटचा जिथे टेकला होता, तिथेच तो आहे असं समजायचं. आतून उडी घेतली, बाहेर चाललेला चेंडू हवेतच पकडला आणि जमिनीवर यायच्या आत परत फेकला, तर खेळ चालू. त्या वेळी बाकांवरून ‘आऊट, आऊट’ असा गिल्ला होतो. होऊ दे.

आता ट्रॅव्हलिंग. जेम्स नेस्मिथनं १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ बसवला, तेव्हाच्या तेरा नियमांत चेंडू घेऊन पळायचं नाही, हा एक होता. पळणाऱ्याला अडवायचं म्हटलं की धरपकड आली, आडवं पाडणं आलं. ते त्याला बंद सभागृहात नको होतं. पुढे ड्रिबल आलं, तरी गाभा तोच राहिला. तू तपासायचं ते एवढंच: चेंडू हातात आला तेव्हा पाय कुठे होते? दोन्ही पाय जमिनीवर असतील, तर पोरगा जो पाय उचलेल त्याच्या दुसऱ्या पायाचा पिव्हट झाला. तो पाय जागेवर गरागरा फिरेल, चालेल. घसरला किंवा उचलून पुन्हा टेकला तर ट्रॅव्हलिंग. पास किंवा शॉटसाठी पिव्हट उचलता येतो, पण तो परत टेकायच्या आत चेंडू हातातून सुटायला हवा. ड्रिबलला मात्र उलट, आधी चेंडू सुटला पाहिजे, मग पिव्हट उचलायचा. शाळेतली नव्वद टक्के पोरं इथेच अडकतात, कारण सुरुवात करायच्या घाईत पाय आधी निघतो. सरावात नुसता हाच एक क्षण घोटून घे, बास्केटकडे जाऊच देऊ नकोस. कंटाळतील, पण घोट.

सेकंदांचे नियम तुला येतात, त्यावर वेळ घालवत नाही: समोरच्यांच्या बास्केटखालच्या पट्ट्यात ३, थ्रो-इनला ५, अर्ध ओलांडायला ८, शॉटला २४. शाळेत शॉट क्लॉक नसेल तर टेबलवरच्या माणसाला मोठ्यानं मोजायला लाव. फाऊलचं म्हणशील, तर कोण पडलं यावर जाऊ नकोस. ती जागा आधी कुणी धरली होती ते बघ. पडण्याची नाटकं मुलं टीव्हीवरून बरोब्बर उचलतात. एकाचे पाच फाऊल झाले की तो बाहेर, आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाऊलला दोन फ्री थ्रो. चेंडू मुलींना ६ नंबरचा दे, मोठ्या मुलांना ७ नंबरचा. सगळ्यांना एकच चेंडू देऊन मुलींचा नेम नाही म्हणणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत.

बॅडमिंटन तर आपल्या घरचंच म्हणायला हवं. पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी ते खेळायचे आणि एके काळी या खेळाला ‘पूना’ म्हणूनही ओळखत. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये परदेशात जाऊन स्पर्धा जिंकली, तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि गेम २१चा. २०-२० झालं तर दोन गुणांची आघाडी लागते, २९-२९ झालं तर तिसावा गुण घेणारा जिंकला.

इथे शटलला रेष माफ आहे म्हणून पायालाही माफ, असं मुलं धरून चालतात. तसं नाही. सर्व्हिसच्या वेळी देणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा पाय रेषेवर आला तर फॉल्ट. दोघांच्याही दोन्ही पायांचा काही ना काही भाग शटल मारलं जाईपर्यंत जमिनीला टेकलेला आणि स्थिर हवा. शटलही मारताना जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे. मोठ्या स्पर्धेत त्यासाठी उपकरण असतं. तू सरळ एका काठीवर तेवढ्या उंचीला लाल टेप गुंडाळ आणि सर्व्हिस जजच्या खुर्चीशेजारी उभी कर. आणि हो, सर्व्हिस नेटच्या पट्टीला लागून योग्य चौकटीत पडली तर ती चांगली. टेनिस बघून आलेले पालक ‘लेट’ मागतात, देऊ नकोस.

सर्व्हिसची चौकट डबल्सला रुंद पण आखूड, सिंगल्सला अरुंद पण लांब. एकदा सर्व्हिस परतली की डबल्सला सगळं कोर्ट मोकळं.

डबल्समध्ये कोण कुठून सर्व्हिस करणार, यावर सामने थांबतात. त्याचं गमक असं: जागा बदलते ती फक्त सर्व्हिस करणारी जोडी, तीही स्वतःच्या सर्व्हिसवर गुण मिळाला तरच. घेणारी जोडी कधीच हलत नाही. समज ४-४ आहे. सर्व्हिस करणाऱ्यांनी गुण घेतला, ५-४. तीच मुलगी आता डावीकडून करणार, कारण ५ विषम. पुढची रॅली त्या हरल्या, ५-५. सर्व्हिस समोर गेली. त्यांचेही ५, म्हणजे विषम, तर त्यांच्यात जी डावीकडे उभी आहे ती करणार. कुणीही जागचं हलायचं नाही. हे खडूनं जमिनीवर चौकटी आखून, चार मुलींना उभं करून, शटल न मारता नुसते गुण पुकारत शिकव. अर्ध्या तासात डोक्यात बसतं, फळ्यावर आठवडा लागतो.

शटल तपासायचं असेल तर मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोरानं मार. समोरच्या मागच्या रेषेच्या अर्धा ते एक मीटर अलीकडे पडलं तर बरोबर. उघड्या मैदानावर पिसाचं शटल वापरून पैसे उडवू नकोस, तिथे नायलॉनचं पुरे.

जिल्ह्याला बास्केटबॉलच्या टेबलवर बसायची वेळ आली तर दोन रंगांची पेनं स्वतःची ने. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. तिथे आयत्या वेळी मागून मिळत नाहीत, आणि मिळालं तर चालत नाही.