मोटारसायकलची काच, वारा आणि आपले कान

गुलाबी थंडी पडू लागली की रविवारी पहाटेपासून आमच्या भूगावच्या रस्त्यावर मोटारसायकलींची रीघ लागते. चांदणी चौकातून निघालेली मंडळी भुकूम, पिरंगुट, पौड करीत मुळशी धरणाकडे आणि पुढे ताम्हिणी घाटाकडे जातात. त्यातील पुष्कळ गाड्यांना अलीकडे पुढच्या बाजूस उंच काच बसवलेली दिसते. गॅरेजवाले तिला ‘व्हायझर’ म्हणतात, शौकीन मंडळी ‘विंडशील्ड’ म्हणतात, आणि दिव्याभोवती, टाकीच्या बाजूंना प्लॅस्टिकचे कवच असले तर त्याला ‘फेअरिंग’. गाडी घेताना यातले काही नसते. मालक ते नंतर बाहेरून विकत घेऊन बसवतो. हा विषय मेकॅनिकचा आहे, डॉक्टरने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण हे कवच बसवल्यावर जे दुखते ते गाडीचे दुखत नाही, माणसाचे दुखते, आणि तो माझ्याकडे येतो.

मुळात काच हवी कशाला, ते आधी पाहू. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ८० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो असतो, ताशी १०० ला तो ४७ किलोच्या घरात जातो. छाती, खांदे आणि डोके मिळून चौरस मीटरचा तिसरा हिस्सा धरला, तर ८० च्या वेगाला दहा किलोचा आणि १०० च्या वेगाला पंधरा किलोचा रेटा आपल्याला सतत मागे ढकलत असतो. तो आपण हाताने हँडल ओढून आणि मान ताठ धरून पेलतो. दोन तासांनी मनगटे, खांदे आणि मानेचे स्नायू आखडतात, ते यामुळे. शिवाय थंडी वेगळी. हवेचे तापमान १० अंश असेल तर ८० च्या वेगाला उघड्या कातडीला ते ४ अंशांच्या आसपास जाणवते. बधिर झालेल्या बोटांनी ब्रेक आणि क्लच वेळेवर दाबला जात नाही. तेव्हा लांबच्या प्रवासाला छातीवरचा वारा अडवणारी काच ही चैन आहे असे मी म्हणणार नाही.

अडचण होते ती उंचीची. मागे पिरंगुटच्या एका कारखान्यात काम करणारा तिशीतला तरुण आला होता. म्हणाला, “डॉक्टर, काच बसवल्यापासून छातीला एकदम आराम आहे, पण डोकं फार दुखतं. आणि घरी आल्यावर कानात रातकिडे वाजल्यासारखा आवाज येतो, रात्रभर.” कान तपासले. मळ नव्हता, पडदे शाबूत होते, रक्तदाब ठीक. मान मात्र लाकडासारखी आखडलेली. मी त्याला विचारले, “काचेची वरची कड तुझ्या कुठे येते रे?” त्याने हात हनुवटीच्या खाली धरला.

ओढ्यात मधोमध दगड असला की पाणी त्याला टेकून सरळ पुढे जात नाही, दगडामागे भोवरे होतात. हवेचेही तसेच. काचेच्या कडेवरून सुटणारा वारा भोवरे करीत मागे येतो. ते भोवरे डोक्यावरून गेले तर आत शांतता राहते. छातीच्या खालून गेले तर डोक्याला सरळ, एकसारखा वारा मिळतो. पण ते नेमके हेल्मेटवर आदळले तर डोके सेकंदाला कित्येक वेळा हलके हलके झटकले जाते. दीड किलोचे हेल्मेट आणि त्याखालची मान हे हादरे तासन्‌तास सोसते. डोकेदुखी तिथून सुरू होते. नजरही थरथरते, पुढचा खड्डा नीट दिसत नाही. म्हणजे चुकीच्या उंचीची काच ही काच नसण्यापेक्षा वाईट.

मान दोन दिवसांच्या विश्रांतीने आणि शेकाने सुटते. कानाचे तसे नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. हेल्मेटच्या आत जो आवाज होतो तो इंजिनाचा कमी आणि वाऱ्याचा जास्त. परदेशात झालेल्या मोजमापांत ताशी ६० किलोमीटरच्या आसपासच तो ९० डेसिबलपर्यंत जातो आणि ताशी १०० च्या पुढे १०० डेसिबलच्या घरात पोहोचतो. अमेरिकेत कामगारांसाठी जी शिफारस आहे तिच्याप्रमाणे ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला दोन तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. आमच्या गावाहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायलाच दोन-अडीच तास लागतात, आणि परतीचा प्रवास राहतोच. सायलेन्सर काढून फटाके वाजवणाऱ्या महाभागांचे गणित मी इथे धरलेलेच नाही.

कानाच्या आत शंखासारख्या भागात अतिशय नाजूक केसपेशी असतात. सततच्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात, आणि मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. त्यावर गोळी नाही, टॉनिक नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. घड्याळाची टिकटिक, पाखरांचा चिवचिवाट ऐकू येईनासा होतो. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. समोरचा बोलतो ते ऐकू येते, पण चार माणसांत बसल्यावर कळत नाही. घरचे म्हणतात, लक्ष नसते. प्रवासानंतर कान बंद झाल्यासारखे वाटणे किंवा आत गुंजारव होणे, ही केसपेशींची पहिली तक्रार समजावी. ती दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा वारंवार होऊ लागली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘बघू उद्या’ म्हणू नये, त्याच दिवशी दाखवावे.

आता काचेची उंची कशी ठरवायची? गाडीवर नेहमीसारखे बसल्यावर काचेची वरची कड नाक आणि तोंड यांच्या पातळीत यावी, आणि रस्ता काचेतून न दिसता काचेवरून दिसावा. पावसात किंवा रात्री ओरखडे पडलेल्या काचेतून समोरच्या गाडीचा प्रकाश फुटतो आणि काही दिसत नाही. मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० चा वेग धरावा आणि डोके किंचित खाली घ्यावे, नंतर सावकाश थोडे उंच करावे. खाली घेतल्यावरही शांत आणि वर घेतल्यावरही शांत, पण नेहमीच्या बैठकीत मात्र गोंगाट, असे झाले तर आपले डोके नेमके भोवऱ्यात आहे. काच तीन-चार सेंटीमीटर वर किंवा खाली करून, किंवा तिचा कोन बदलून पुन्हा पाहावे. उंची कमी-जास्त करता येणारी काच घ्यावी ती याचसाठी. जोडीदाराला जमलेली काच आपल्याला जमेलच असे नाही, उंची आणि हेल्मेट वेगळे असते. आमच्या तरुणाने काच उतरवून आखूड काच लावली आणि त्याचे काम झाले. एखाद्या उंच माणसाला उलट मोठी लागेल.

वाऱ्याचा पुष्कळ आवाज हेल्मेटमध्ये हनुवटीखालच्या फटीतून शिरतो. मफलर तिथे नीट खोचावा, त्याची टोके मात्र जॅकेटच्या आत जायला हवीत, चाकाकडे लोंबता कामा नयेत. लांबच्या मोकळ्या रस्त्याला फोमचे बोळे कानात घातले तरी हॉर्न ऐकू येतो. बाजारपेठ आली की काढावेत. आणि काच आहे म्हणून हेल्मेटची काच वर करून फिरू नये. आयएसआय शिक्क्याचे, घट्ट बसणारे हेल्मेट आणि त्याची खाली ओढलेली काच यांना दुसरी सोय नाही. धूळ, ऊन आणि वारा यांनी डोळे कोरडे पडतात, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर बुबुळाकडे मांस वाढते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: गार वाऱ्याने तोंड वाकडे होते ना? आपल्याकडे अर्धांगवायूलासुद्धा ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, त्यामुळे समज पक्का. चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन तोंड वाकडे होते, पण त्याला वारा कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. विषाणूचा संशय अधिक आहे. वाऱ्याला दोष देत लेप लावण्यात दिवस जातात, आणि स्टिरॉइडचा उपयोग ७२ तासांच्या आत सुरू केले तर होतो. हात-पाय लुळा पडला किंवा बोबडे बोलणे आले तर तो पक्षाघात, थेट मोठे रुग्णालय.

उन्हाळ्यात मात्र मोठे फेअरिंग त्रासदायक ठरते. घाम वाळवणारा वारा अडतो आणि इंजिनाची उष्णता गुडघ्यांशी कोंडते. एप्रिल-मे मध्ये ते काढून ठेवता आले तर काढावे, नाहीतर तासाभराने थांबून पाणी प्यावे.

शेवटी बसवण्याविषयी. १९५० च्या दशकात युरोपात शर्यतीच्या गाड्यांना पुढचे चाकही झाकणारी कवचे असत. बाजूच्या वाऱ्याने गाड्या भरकटत, म्हणून १९५८ पासून त्यांवर बंदी आली. घाटाच्या खिंडीत किंवा भरधाव बसशेजारून जाताना मोठ्या काचेला तसाच धक्का बसतो. हँडलला बसवलेली काच तो धक्का थेट हँडलला देते, चौकटीला बसवलेली कमी देते. ॲक्रिलिक फुटून धारदार तुकडे होतात, पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, म्हणून विचारून घ्यावे आणि ते साबणाच्या पाण्यानेच धुवावे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, तेव्हा गाडीच्या कंपनीने स्वतः मान्य केलेली काच मिळत असेल तर तीच बरी. दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाऊ नये. दुकानातून निघण्यापूर्वी गाडी स्टँडवर, इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. केबल ताणून इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर तिथेच सोडवून पुन्हा बसवून घ्यावे.