पानासारखे नाक असलेला सरडा

श्रीलंकेतील कँडी हे नगर पवित्र दंतधातूच्या मंदिरामुळे आपणा सर्वांस परिचित आहे. त्या नगराच्या ईशान्येस डुंबराची पर्वतरांग पसरली आहे. दुरून ती मिटलेल्या मुठीच्या पेरांसारखी दिसते. म्हणून इंग्रजांनी तिला ‘नकल्स’ असे नाव दिले. या पर्वतावरील दमट अरण्यात राहणाऱ्या एका लहानशा सरड्याचा परिचय आपण या पाठात करून घेऊ.

याचे शास्त्रीय नाव सेराटोफोरा टेनेंटी. १८६१ साली विज्ञानजगताला त्याची ओळख झाली. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर पानाच्या आकाराचा मऊ, मांसल अवयव असतो. तपकिरी-हिरवट रंगामुळे तो खोडावर बसला असता सहजासहजी ओळखू येत नाही. तो दिवसा वावरतो, किडे खातो आणि मादी मातीत अंडी घालते. त्याची चाल अतिशय मंद असते. पळून जाणे हे त्याचे बळ नव्हे, दिसू न देणे हे त्याचे बळ होय. जगात तो केवळ याच पर्वतावर आढळतो.

आपल्या घरातील वेलदोड्याचा येथे संबंध येतो. वेलदोड्याला सावली लागते. म्हणून लागवड करताना मोठे वृक्ष राखले जातात, मात्र त्यांखालील झुडपे आणि रोपे काढली जातात. वेलदोडे वाळविण्याच्या भट्ट्यांनाही सरपण लागते. अशा सावलीत सरडा आजही दिसतो. परंतु जुने वृक्ष कोसळतील तेव्हा त्यांची जागा घेण्यास रोपे कोठून येणार? म्हणजे अरण्य उभे दिसत असतानाच त्याचा उद्याचा काळ खुडला जातो.

सन २००० मध्ये या प्रदेशास संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये तो जागतिक वारशात समाविष्ट झाला. हौशी संग्राहकांसाठी होणाऱ्या चोरट्या व्यापारास आळा घालण्याकरिता २०१९ मध्ये या सरड्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. तथापि वेलदोड्यावर गुजराण करणाऱ्या कुटुंबांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला, हेही आपण विसरता कामा नये. सरडा वाचावा आणि माणूसही उपाशी राहू नये, असा मार्ग शोधणे हेच खरे अवघड काम आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वृक्षाखाली जाऊन पाहा : त्याची जागा घेणारे रोप तेथे उगवत आहे काय?